माईकवर विचारलेलं नाव

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या खिशाकडे जातो. नोकरीत असताना तिथे वही असायची. त्या वहीपायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला, आणि वही माझी होती.

मी तेव्हा तळेगाव भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सोमाटण्याच्या पुढे एका कारखान्यात युनियनवरून वाद पेटला होता. जुनी युनियन कामगारांनीच उभी केलेली, पण तिचे पुढारी सुस्तावले होते. त्यांची जागा घ्यायला बाहेरची एक नवी संघटना टपून बसली होती. पांढऱ्या गाड्या, गळ्यात पट्टे आणि कामगारांच्या सह्यांसाठी छापील फॉर्मचे गठ्ठे. दुपारी तीनला पाळी सुटताना त्यांनी गेटसमोर सभा ठेवली. बंदोबस्ताला मी स्वतः गेलो.

नेता बोलायचा थांबला, तसा पुढच्या रांगेतून पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमधला एक कामगार उठला. चाळिशीचा, मावळातलाच. आवाजात राग नव्हता.

“सह्या मागताय, देऊ की,” तो म्हणाला. “पर आदी सांगा, तुमच्या कमिटीत हितं मशिनवर काम करनारा एक तरी मानूस हाय का? आन करार केला तर सही करायच्या आदी त्यो आमच्याफुडं वाचनार का?”

“व्हय, सांगा की!” मागून दहा-बारा आवाज उठले. नेत्याचा चेहरा पडला, त्याची माणसं पुढे सरकली. मला वाटलं, आता दगड पडणार. मी मध्ये घुसलो, त्या कामगाराला व्यासपीठावरच्या माईकजवळ बोलावलं, वही काढली आणि आमच्या खास ठेवणीतल्या आवाजात विचारलं, “नाव काय? गाव कुठलं? खातं कोणतं?”

त्याने एकेक सांगितलं, मी लिहून घेतलं आणि त्याला खाली बसवलं. त्याचा प्रश्न तसाच राहिला, सभा संपली. ‘सभा शांततेत पार पडली’ अशी मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची बायको ठाण्यात आली. नवरा पहिल्या पाळीला घरातून निघाला होता, पण कंपनीत पोचलाच नव्हता. मोटारसायकल सोमाटण्याजवळच्या बस थांब्यापाशी आडवी पडलेली, डबा हँडलला लटकलेला. तो डबा घेऊनच ती आली होती.

“भाकरीला हातबी लावल्याला न्हाई, साहेब,” ती म्हणाली आणि टेबलावर झाकण उघडून मला दाखवायला लागली.

ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली. मोबाईल बंद होता. अशा वेळी पोलीस तोंडाने ‘सापडेल’ म्हणतो आणि मनात दऱ्या, विहिरी, नदीचे डोह आठवायला लागतो. लोणावळ्याच्या बाजूला दऱ्यांची काय कमी? मला भीती वाटत होती. उघड्या डब्यासमोर बसून तिला धीर देताना माझाच आवाज मला परका वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर एका वयस्कर बाईचा आवाज आला. “थांब्यावर कंपनीच्या बशीची वाट बघत्यात ना, त्यास्नी इचारा. त्यांनी समदं बघितलंय. माजं नाव इचारू नका.” फोन बंद.

त्या थांब्यावरून रोज सहा कामगार बस धरायचे. सहाही जणांना ठाण्यात बोलावलं, वेगवेगळे बसवले आणि जबाब घ्यायला सुरुवात केली. तासाभरात माझी मती खुंटली. प्रत्येकाचं उत्तर एकच, “मी कायबी बघितलं न्हाई.” खोटं बोलणारा माणूस हकिगत फुगवून सांगतो. हे तर एका वाक्याच्या पुढे जायलाच तयार नव्हते. समोर ठेवलेलं पाणीसुद्धा कोणी प्यायलं नाही. मी दम दिला, टेबल आपटलं, नोकरी जाईल म्हणालो. ते आणखीच आक्रसले.

माझा हवालदार इथल्याच मातीतला. त्याने मला बाहेर बोलावलं. “साहेब, वरडून उपेग न्हाई. त्यांच्या नखांकडं बघा.”

सहाही जणांची नखं पिवळी होती.

“भंडारा उचलून घेतलाय ह्यांच्याकडनं,” हवालदार म्हणाला. “आता मारून टाकलंत तरी बोलायची न्हाईत.”

बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन देवापुढे शपथ घ्यायची. ती मोडली तर लेकराबाळांवर संकट येतं, हा इथला पक्का समज. निवडणुकीत मतांसाठी असा भंडारा उचलून घेतात, हे मी ऐकून होतो. पण इथे एका गुन्ह्याचे सहा साक्षीदार त्या चिमूटभर हळदीने गप्प केले होते. मी शहरात वाढलेला, एरवी हसलो असतो. त्या सहा जणांची तोंडं बघून हसू आलं नाही. गुंडांपासून मी त्यांना संरक्षण देऊ शकत होतो. देवापासून कसं देणार?

दुपारी बाराच्या सुमाराला एक म्हातारी ठाण्यात आली. सहांपैकी एक जण वेल्डर होता, त्याची ती आई. तिने तोंड उघडताच मी फोनवरचा आवाज ओळखला. मी काही विचारायच्या आत ती लेकासमोर जाऊन उभी राहिली.

“बोल,” ती म्हणाली. “रातभर झोपंत बरळलास, त्ये ऐकलंय म्या.”

“आये, भंडारा उचललाय मी. माज्या पोरीवर यील.”

“तुज्या पोरीवर न्हाई यायचं. दोष लागायचा त्यो मला लागू दे, खंडोबाला मी तसं सांगून आलीया. त्याची बायकू कालपास्नं उंबऱ्यात बसलीया रं. बोल तू.”

तिने लेकाचा हात धरला, नखं आपल्या पदराने खसाखसा पुसली आणि तोच पदर स्वतःच्या कपाळाला लावला. वेल्डर ढसाढसा रडला आणि मग बोलला. पांढऱ्या गाडीतून चौघे उतरले, त्याला आत कोंबलं. गाडीतला एक जण ‘कुसगावच्या बंगल्यावर’ असं म्हणाला. पाळी सुटल्यावर तीच माणसं या सहांना खंडोबाच्या देवळात घेऊन गेली.

लोणावळ्याजवळच्या कुसगावात सुट्टीला भाड्याने देतात असे बंगले पुष्कळ. आम्ही तिथल्या दुकानदारांकडे पांढऱ्या गाडीची चौकशी केली आणि तासाभरात नेमका बंगला गाठला. दोघे दारातच सापडले. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. ती मी काढली.

तो जिवंत होता. भिंतीला टेकून बसलेला, उजव्या हाताची बोटं सुजलेली. शेजारी एक टाईप केलेला कागद पडला होता, ‘मी जुन्या युनियनच्या सांगण्यावरून सभेत गोंधळ घातला.’ खाली सही नव्हती. मी पुढे झालो. मला बघून तो मागे सरकला, अगदी कोपऱ्यात गेला आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. हवालदाराने त्याला पाणी पाजलं. माझ्या हातून त्याने घेतलं नाही. घाबरलाय, ओळखलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पंचनामा झाला, अपहरणाचा गुन्हा दाखल झाला. त्या दोघांपैकी एकाची मी चौकशी करत होतो. “हजारभर माणसांतून हाच कसा सापडला? नाव-गाव कोणी दिलं?”

“साहेब, आम्ही दोन-चार जणांना विचारलं असतं, पण कोणी सांगितलं नसतं. तुम्हीच विचारलंत की. माईक चालू होता.”

गेटवरच्या कर्ण्यांतून त्याचं नाव, गाव, खातं माझ्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं होतं. आणि मागच्या खोलीत तो मला ओळखूनच मागे सरकला होता.

महिन्याभराने नव्या संघटनेने गेटसमोर पुन्हा सभा घेतली. बंदोबस्ताला मीच होतो. पकडलेल्यांशी आपला संबंध नाही, असं नेत्याने जाहीर करून टाकलं होतं. तो कामगार आला होता, पण अगदी मागे, मान खाली घालून. प्रश्न कोणीच विचारेना. मग वेल्डर उठला. आधी त्याने माझ्याकडे बघितलं. मग तेच दोन प्रश्न त्याने जसेच्या तसे विचारले.

नेता माईकवर म्हणाला, “आधी नाव सांगा तुमचं.”

मी पुढे गेलो. वही खिशातच होती. असं करणं माझ्या कामात बसतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. पोलिसाची पहिली सवय नाव विचारण्याची. नाव घेतलं की आपल्याला वाटतं, आपण बंदोबस्त केला. पण ते नाव कोणाच्या कानात पडतंय, हे मागे वळून बघायला मला एवढी वर्षं लागली.

मी माईकजवळ तोंड नेलं आणि सगळ्या गेटला ऐकू जाईल असं म्हणालो, “नाव लागत नाही. उत्तर द्या.”