खरवड्याच्या जिभेची परीक्षा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या रंगाऱ्याला सगळी गोदी खरवड्या म्हणते. तो रंगवतो कमी आणि खरवडतो जास्त. माझी लेक ज्या लोखंडी लाँचवर इंजिन सांभाळते, त्या लाँचचं बूड तोच रंगवतो. खारं पाणी लोखंडाचं काय करतं ते मी नको तितकं वाचलंय, त्यामुळे माझा जीव त्याच्या ब्रशाला टांगलेला असतो.

त्याची एक खोड आहे. जुना रंग काढून पत्रा गोड्या पाण्यानं धुतला की त्यावरून ओलं बोट फिरवायचं आणि जिभेला लावायचं. खारट लागलं की पुन्हा धुवायचं. मीठ आत राहिलं तर रंगाला फोड येतात आणि फोडाखाली गंज धरतो. लेक त्याला चिडवते, काका, आज कुठला पत्रा चविष्ट होता?

गेल्या वर्षी असंच चाखून, रंगाचा पहिला हात देऊन तो घरी आला. सर्दीतापानं बेजार होता, मुकाट्यानं जेवला. मागून बायको बसली आणि पहिल्याच घासाला थबकली. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं.

"अहो, हे गिळलंत कसं?"

"मला काहीच लागलं नाही," तो म्हणाला, आणि त्याला दिवसा चाखलेला पत्रा आठवला.

सकाळी तो लाँचच्या मालकापुढे उभा. सगळा रंग उतरवायचा म्हणाला. मालक भडकला, लाँच त्याच दिवशीच्या भरतीला पाण्यात जायची होती. खरवड्यानं वाद घातला नाही. बुडाशी तळहाताएवढी जागा खरवडली आणि माझ्या लेकीला म्हणाला, "तुझं तोंड ठीक आहे ना? मग बघ."

लेकीनं बोट चाटलं आणि थुंकली. मग मालकानंही चाटलं आणि रंग उतरवायला सांगून निघून गेला. भरती हुकली. बूड पुन्हा उघडं करून धुतलं.

आज वर्षानं लाँच वर काढली, मी मुद्दाम बघायला गेले. शेवाळ आणि शिंपले काढल्यावर आतला रंग जसाच्या तसा, फोड औषधालाही नाही. खरवड्या बुडाखाली उताणा पडून मजेत खरवडत होता. यंदा सर्दी नाही ना, मी विचारलंच.

"नाही हो वहिनी. हल्ली सकाळी बायको भाजी आधी मला चाखायला लावते. मीठ बरोबर सांगितलं तरच डबा मिळतो."

मला हसू आलं, बरंही वाटलं. तरी येताना त्याच्या बायकोला विचारून आलेच, आज डबा दिला होता ना?

दिला होता.