उजव्या हाताचा भार

त्या सकाळी मी देव्हाऱ्यापुढे बसले, पण नाम घेतलं नाही. जपमाळ उजव्या हातात धरायची सवय, आणि पक्षाघातानंतर तो हात मांडीवर नुसता पडून असायचा. बोटं हलत नव्हती याचं दुःख होतंच, पण खरा जीव काढत होता तो खांदा. कुणी जरा हात लावला तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. दत्तमहाराजांच्या तसबिरीकडे बघून मनात म्हटलं, 'महाराज, आता मी हाकही मारणार नाही. थकले मी.' इतकी वर्षं ज्यांच्याशी घरातल्या माणसासारखी बोलत आले, त्यांच्याशीच मी अबोला धरला.

आमचं घर कुवेतमधल्या हवल्लीत. हे कुवेत सिटीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात. माझ्या आजारपणापासून ऑफिसला जायच्या आधी माझी वेणी घालायचे. वेणी कायम एका बाजूला कललेली, पण घातल्यावर दोन पावलं मागे सरून असं कौतुकानं बघायचे की मला हसू यायचं. त्या दिवशी मात्र मी हसले नाही. "आजचा व्यायाम शेवटचा," मी सांगून टाकलं. "मला सांगलीला भावाकडे पाठवा. तुमचे हाल मला बघवत नाहीत." ते खाली मान घालून माझ्या चपलांचे पट्टे लावत राहिले.

फिजिओथेरपीच्या क्लिनिकपाशी त्यांनी नेहमीसारखं माझा उजवा हात धरून मला गाडीतून उठवलं. खांद्यातून अशी कळ गेली की मी ओरडलेच. आत जाऊन बसल्यावरही डोळ्यांचं पाणी थांबेना. शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती, डोक्यावरून ओढणी, मांडीवर डबा. ती वाकून हळूच म्हणाली, "काय गो बाय, कशाला रडतेस?"

परक्या मुलखात, इतक्या अरबी-हिंदी बोलण्यात ते शब्द कानावर आले आणि मी आणखीच रडायला लागले. तिचं नाव हमीदा, रत्नागिरीकडची. नवऱ्याचं शहराबाहेर अम्गऱ्यात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. सासूला तपासायला आणलं होतं, पण अपॉइंटमेंटचा दिवस चुकला होता. नवरा दुकानातून न्यायला येईपर्यंत दोघी तिथेच बसल्या होत्या. सासूलाही पूर्वी असाच झटका येऊन गेलेला.

माझं ऐकून घेऊन तिने ह्यांच्याकडे वळून विचारलं, "दादा, तुम्ही हिला उठवता ते हाताला धरून?"

"हो. का?"

"आम्हीपण तेच करायचो. तो हात धरून ओढायचा नाही. त्याच्यात जोर नाही ना, सगळा ताण खांद्यावर येतो. कमरेला आधार द्या. आणि झोपताना हाताखाली उशी."

हॉस्पिटलमधून निघताना हे आम्हाला सांगितलं असणारच. त्या धास्तीत दोघांच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच तुला..." एवढंच म्हणाले. मी डाव्या हाताने त्यांचा हात घट्ट धरला. हमीदा म्हणाली, "मायेनंच ओढलंत ना? मग झालं. आता मायेनंच सांभाळा."

आमची केरळची थेरपिस्ट रोज सांगायची, "अम्मा, हाथ ढीला छोडो, वजन मुझे दो." मला ते कधी जमलं नव्हतं. दुखेल या भीतीने मी अंग आवळून धरायची. त्या दिवशी हमीदा परवानगी घेऊन माझ्या डाव्या बाजूला बसली आणि गावच्या समुद्राच्या गोष्टी सांगत राहिली. ऐकता ऐकता माझा हात थेरपिस्टच्या तळव्यांवर कधी विसावला, मला कळलंच नाही. दुखलं, पण सोसण्यापुरतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मनात आपोआप नाम सुरू झालं.

सांगलीचा विषय मागे पडला. हमीदा सासूला घेऊन आमच्याकडे येऊ लागली. टेबलावर टॉवेल पसरून आम्ही दोघी रुग्ण त्यावरून हात पुढे सरकवायचो. म्हातारी माझ्याशी पैज लावायची आणि हरली की चक्क रुसायची. खांद्याची कळ हळूहळू ओसरली, हात थोडाथोडा वर जाऊ लागला.

ईदला तिने आम्हाला जेवायला बोलावलं. दारातच तिने मला मिठी मारली. मी डावा हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि थोड्या वेळाने उजवाही, अडखळत वर चढून तिच्या खांद्यामागे जाऊन टेकला. बोटं अजून मिटत नव्हती, पण हात तिथे पोचला होता. ती हललीच नाही. तशीच उभी राहून ह्यांना म्हणाली, "दादा, मागे येऊन बघा, हिचा हात कुठे आलाय."

ती चुकलेल्या दिवशी तिथे कशी आली, याचा उलगडा मी करत बसत नाही. ती म्हणते, अल्लाने धाडलं. मी महाराजांचं नाव घेते. आमचं त्यावर कधी भांडण होत नाही. माझ्यापुरतं एवढंच उमगलं, की आपण आवळून धरलेलं असतं तोवर आधार देणाऱ्यालाही काही करता येत नाही. भार सोडायचा, कुणाचे हात खाली आहेत ते न विचारता. त्या दारात, तिच्या खांद्यावर डोकं टेकून, मी तो सोडला.