खोटा कावळा

लग्न झालं तेव्हा मी वीस वर्षांची घोडी होते, पण पाळी आली नव्हती. हे फक्त आईला ठाऊक. सासरी धाडताना तिनं बजावलं, "दर म्हैन्याला चार दिस कावळा शिवला म्हनून बाहेर बसत जा."

बसले. खोटं होतं, पण सुखाचं: ना चूल, ना धुणं. नवऱ्याला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की आमचं काहीतरी अडतंय. बिचारे कुणाला सांगणार?

पुढं गुऱ्हाळ सुरू झालं. कामाला कंटाळून मी एकाच महिन्यात दोनदा बसले. अति तिथं माती! "म्हैन्यातून दोनदा? रगत आटंल पोरीचं," म्हणत सासूबाईंनी मला नगरला लेडी डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चष्मा काढला. "दोनदा? बाई, तुला एकदाही येणं शक्य नाही." जन्मापासून मला योनिमार्गच नव्हता. मांडीचं कातडं लावून तो करता येईल, संसार होईल. पण गर्भाशयही नाही, मूल व्हायचं नाही.

मला हुंदका आवरेना. घोडेगावच्या बाजारात खोड लपवून विकलेलं जनावर लोक परत आणून बांधतात, तसं मलाही माहेरच्या दारात आणून सोडतील, हीच धास्ती. बाहेर बाकड्यावर सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी फुकट बसून खाल्लंस व्हय गं!" त्या कडाडल्या. मग उठून आत गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "लई दुखंल का हिला?"

दुखलं. मांडी तर आतल्यापेक्षा जास्त जळजळली. वाट आक्रसू नये म्हणून कित्येक महिने आत साचा ठेवायचा होता. तो धुवायचं पाणी सासूबाई स्वतः उकळायच्या, आणि वर शिव्याही द्यायच्या. साचा सुटला आणि आम्ही खऱ्या अर्थानं नवराबायको झालो. मी लाजेनं आणि आनंदानं हसत सुटले होते.

मूल होणार नाही, हे तोवर माहेरी कळलं होतं. एके सकाळी वडील गाडी जुंपून दारात आले, मान खाली घालून. "पोरीला नेतो. तुमाला आता दुसरी बघावी लागंल."

सासूबाईंनी त्यांना चहा दिला. पिऊन झाल्यावर कप उचलला. मग म्हणाल्या, "इवाई, नांदती सून हाय माझी. गाडी रिकामीच न्या."

मी उंबऱ्यातच खाली बसून रडायला लागले.

"रडतीस काय? ऊठ, भाकरी थाप. बापाला उपाशी धाडतीस का?"