बाईंच्या सायकलचं पासिंग

या जगातल्या कुठल्याही वस्तूचं वजन माझ्या आकडसासू नुसत्या नजरेनं सांगू शकतात. अपवाद एकच, त्या स्वतः. आकडसासू म्हणजे बायकोची मोठी बहीण. आमच्याकडे या नात्याला असं स्वतंत्र नाव आहे आणि त्यात ‘सासू’ हा शब्द उगाच घातलेला नाही, हे लग्नानंतर आठवड्याभरातच माझ्या लक्षात आलं. सारं गाव त्यांना ‘बाई’ म्हणतं, म्हणून मीही बाईच म्हणतो. कोरपन्याहून सिमेंटच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक धरमकाटा आहे, अख्खा ट्रक वर चढवून तोलायचा. त्याच्या बाजूच्या काचेच्या केबिनमध्ये, कॉम्प्युटरसमोर, पंख्याच्या बरोब्बर खाली बाई बसतात. बाहेर खांबावर लाल आकड्यांचा मोठा बोर्ड आहे. त्या बोर्डावर उमटेल ते खरं, बाकी साऱ्या ड्रायव्हरच्या गोष्टी, असं बाईंचं एकूण तत्त्वज्ञान आहे.

काट्याची भाषा त्यांच्या तोंडात अशी बसली आहे की माणसांचेही त्या दोनच प्रकार मानतात, भरलेली गाडी आणि खाली, म्हणजे रिकामी, गाडी. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा चांगलाच किडकिडीत होतो. पोह्यांची बशी माझ्या हातात देता देता बाईंनी मला डोक्यापासून मोज्यांपर्यंत न्याहाळलं आणि माझ्यादेखत सासऱ्यांना सांगितलं, “खाली गाडी आहे बाबा, पण चेसिस चांगली आहे.” त्या शेऱ्यावर माझं लग्न जमलं. बारशाला गेल्या की पाळण्यातलं पोर उचलून आधी त्याचं वजन जाहीर करतात आणि मग नाव विचारतात. कापसाच्या दिवसांत ट्रॉलीवर, मऊमऊ कापसात लोळत दोन-चार गडी काट्यावर आले की केबिनच्या खिडकीतून आवाज येतो, “उतरा खाली! कापसाच्या भावात तुमाले कोणी घेत नाई!” गडी निमूट उतरतात. तेलंगणातून येणारे ड्रायव्हर, ज्यांना मराठीचा म सुद्धा कळत नाही, तेसुद्धा बाईंच्या आवाजाचा अर्थ बरोबर लावतात.

एवढी वजनांची जाणकार बाई, पण स्वतःच्या वजनाचा विषय निघाला की तिथून उठून जाणार. अंगानं बाई भरदार आहेत. त्या दारातून आत आल्या की घरातला उजेड जरासा कमी होतो, हे मी प्रेमानंच सांगतोय. बसस्टँडजवळ माझं मेडिकलचं दुकान आहे. दुकानाबाहेर वजनाचं यंत्र ठेवलेलं आहे. त्यावर सारं कोरपना चढून उतरलं, बाई नाहीत. एकदा मी आग्रह केला, तर चष्मा लावून त्यांनी यंत्र चारी बाजूंनी तपासलं. “याच्यावर वजनमापवाल्याचा शिक्का कुठी आहे? बिनाशिक्क्याच्या काट्यावर मी चढत नाई.” शुगरच्या डॉक्टरांनी वजन विचारलं तर ठरलेलं उत्तर, “मागच्या खेपेस होतं तेवढंच आहे.” मागच्या खेपेस किती होतं ते डॉक्टरांना माहीत नसतं, कारण मागच्या खेपेसही त्यांनी हेच उत्तर दिलेलं असतं.

हे असंच चाललं असतं, पण गेल्या उन्हाळ्यात ऑटोवाल्यानं घोळ केला. घरापासून काटा तसा लांब, पायी जाण्यासारखा नाही. बाई रोज शेअर ऑटोनं जायच्या. एक दिवस ऑटोवाला अगदी साधेपणानं म्हणाला, “बाई, उद्यापासून दोन सिटाचे देत जा. तुमी बसल्या का माही एक सवारी कमी होते.” ऑटोत गावातल्याच बायका होत्या. बाईंनी तिथंच ऑटो थांबवला, एका सिटाचं भाडं त्याच्या हातावर ठेवलं आणि उरलेला रस्ता उन्हातून पायी गेल्या. त्यानंतर त्या ऑटोत बसल्या नाहीत. आठवडाभर चालल्या, गुडघे सुजले, मी गोळ्या दिल्या, त्यांनी त्या खाल्ल्या आणि पुन्हा चालल्या. त्यांचे यजमान माजरीला कोळशाच्या खाणीत नोकरीला आहेत, रविवारचे घरी येतात. फार सज्जन आणि फार थोडं बोलणारे. गुडघे बघून ते म्हणाले, “सोड न ते काम. मी कमावून राह्यलो न.”

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. “जवाई,” त्या म्हणाल्या, “काटा सुटला तर घरी बसून मी काय तोलू? कांदे?” प्रश्न सरळ होता. काट्यावर जायला स्वतःचं वाहन नाही झालं, तर काटा सुटणार. आणि काटा सुटला तर बाईंमधल्या बाई किती उरतील, याची मला मनापासून भीती वाटली.

स्कूटीचा प्रयोग आधीच होऊन गेला होता. शेजारणीची स्कूटी बाईंनी सुरू केली, ती थेट अंगणातल्या तुराट्यांच्या ढिगात जाऊन थांबली. यंत्रावर आपला विश्वास नाही, असं त्या ढिगातूनच बाईंनी जाहीर केलं. मग मीच, शुगरलाही बरी पडेल म्हणून, सायकलचं नाव काढलं. शाळेत असताना बाई वडिलांची दांडीची मोठी सायकल हाणत, हे मला बायकोनं सांगितलेलं. पण काट्याकडचा रस्ता ट्रकांनी खाऊन टाकलेला. बाजूच्या मातीच्या वाटेवर कुठं गिट्टी, कुठं काळ्या मातीची ढेकळं. साध्या सायकलचं ते काम नव्हे. जाड टायरची, डोंगरात चालवतात तसली गेरची सायकल पाहिजे, आणि तीही बाईंच्या पगारात बसेल अशी. म्हणून एका रविवारी मी, पंजाबी ड्रेस घातलेल्या बाई आणि बाईंचा डबा असे बसनं चंद्रपूरला गेलो.

दुकानात शिरताच बाईंनी पहिला प्रश्न केला, “सायकलचं पासिंग किती?” पासिंग म्हणजे गाडीला जेवढं ओझं वाहायची परवानगी असते ते. ट्रकवाल्यांच्या जगात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस. “सायकलले पासिंग नसते मॅडम.”

“मंग ओव्हरलोड झाली हे कसं समजते?”

“मोडल्यावर समजते,” तो म्हणाला.

आधी त्यानं टोपलीवाली लेडीज सायकल पुढं केली. “टोपलीत काय कापूस नेऊ?” म्हणून ती मागं गेली. मग आली एक भडक केशरी, पुढं शॉकर, मागं शॉकर, किंमत मात्र नवल वाटावं इतकी कमी. बाई तिच्यावर बसल्या आणि सायकलही बसली, ती त्या उतरेपर्यंत उठलीच नाही. “हे नुसती पाहाले बनवली आहे,” बाईंनी निकाल दिला. तिसरीला एकवीस गेर होते. “वाघ समोर आला तर यातला कोणता टाकाचा?” बाईंनी विचारलं, आणि तो प्रश्न आमच्या जिल्ह्यात अगदीच गैरलागू नसल्यामुळे दुकानदारानं खरोखर विचार केला. “कोणताबी टाका. पायडल मात्र माराच लागन.” शेवटी तो म्हणाला, “मॅडम, तुमचं वजन सांगा. त्या हिशोबानं देतो.”

बाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ऐंशीच्या आत आहे.”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर टांगलेल्या हवा भरायच्या पंपाकडे पाहिलं. त्या बिचाऱ्यानं ऐंशीच्या हिशोबानं सायकल काढून दिली. बाई दुकानासमोर चक्कर मारायला निघाल्या, आणि चालवत होत्या अगदी झोकात. पण गतिरोधकावरून सायकल खाली उतरली, तशी मागच्या चाकाची तार टण्णकन तुटली, लगेच दुसरी तुटली. चाक वाकडं होऊन फ्रेमला घासायला लागलं. बाई उतरल्या. रस्त्यावरचं कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी त्यांना उभं-आडवं झोडपलं असतं आणि त्या मोकळ्या झाल्या असत्या. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या, डबाही उघडला नाही. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाल्या, “जवाई, मी खोटं वजन देल्लं. माह्या काट्यावर कोणी असं केलं असतं तर मी त्याले उभं राहू देल्लं नसतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला, काट्यावर या म्हणून. गेलो तर रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली आणि बाई केबिनच्या दारात उभ्या. “बसा खुर्चीवर. मी वर उभी राह्यतो. बोर्डावरचा आकडा हालाचा थांबला का मले सांगा.” मी म्हटलं, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर करू. त्यांनी ऐकलं नाही. “मंग ते चोरून तोलल्यासारखं होईन.” त्यांनी पर्स माझ्याकडे दिली, चपला काढल्या आणि काट्याच्या तापायला लागलेल्या लोखंडी पत्र्यावरून अनवाणी चालत थेट मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. सोळा-अठरा चाकांची धुडं जिथं उभी राहतात तिथं मधोमध एकटी बाई. इंजिनं बंद झाली. ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागले, त्यांतला जवळजवळ प्रत्येकजण बाईंच्या शिव्या खाल्लेला.

बोर्डावर आकडे फिरले आणि थांबले. आकडा मी सांगणार नाही. मला त्या घरी अजून जेवायचं आहे. शिवाय तो काटा पाच-दहा किलोचा फरक तर मोजतच नाही. पण जो बोर्ड रोज हजारोंनी भरलेला दिसतो, त्याच्या एका कोपऱ्यात काय ते तीन आकडे, आणि बाकी सगळा बोर्ड काळा, रिकामा. रांगेतल्या पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर, बाईंनी महिन्यापूर्वीच ज्याचा माल अर्धा उतरवायला लावला होता तो, मोठ्यानं ओरडला, “बस, इतनाही? मॅडम, आप तो अंडरलोड हो!”

सारी रांग हसली. बाईंनी मान वर करून बोर्डाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्याही हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्या हलल्या तसा बोर्डही हलायला लागला.

पुढच्या रविवारी आम्ही परत त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं विचारायच्या आत, पायरीवरूनच बाईंनी आपलं वजन सांगितलं, इतक्या खणखणीत आवाजात की पलीकडच्या रसवंतीवाल्यानं घुंगरांचा चरक थांबवून मान वळवली. दुकानदाराच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव आला. तो आत गेला आणि मागच्या कोपऱ्यातून एक काळी, धुळीनं भरलेली सायकल ढकलत घेऊन आला. जाड लोखंडी फ्रेम, मागं शॉकर नाही, पुढं नाही, टायर मात्र मांजराएवढे जाड. पोरांना चमकणारी लागते म्हणून हिला गिऱ्हाईक नव्हतं, आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून किंमत आवाक्यातली होती. मागचं चाक त्यानं बदलून जास्त तारांचं टाकलं, तासभर फिरवून फिरवून त्याचं आऊट, म्हणजे वाकडेपण, काढलं, एकेक तार ताणून बसवली, सीट रुंद लावली. मग फडक्यानं दांडीवरची धूळ पुसली. खाली बारीक अक्षरांत किती किलोपर्यंत चालेल ते छापलेलं निघालं. “हे घ्या पासिंग,” तो म्हणाला. बाईंनी चष्मा लावून आकडा वाचला, त्यातून मनातल्या मनात स्वतःला वजा केलं आणि म्हणाल्या, “डब्यासगट बसते.”

पहिल्या दिवशी बायकोनं मला मोटरसायकलवर त्यांच्या मागं धाडलं. सकाळची वेळ होती. बाई घरापासून जरा डगमगत निघाल्या, नाल्याच्या पुलापर्यंत सरळ झाल्या आणि मातीच्या वाटेला लागल्यावर तर गेर बदलायलाही लागल्या. मी मागं आहे हे त्यांना आवाजावरून कळलं असावं. मान न वळवता ओरडल्या, “जवाई, माघारी जा. दुकान उघडा. लोकाइले गोळ्या लागत असतीन.”

मी गाडी थांबवली, पण लगेच वळलो नाही. ऑटोत बाई कशा बसायच्या ते मी कितीदा तरी पाहिलं होतं. पर्स पोटाशी घट्ट धरलेली, खांदे आवळलेले, गुडघे एका बाजूला, आपला धक्का कुणाला लागू नये म्हणून अंग चोरून, जणू श्वाससुद्धा अर्धाच. त्या आता दोन्ही कोपरं बाहेर काढून, ओढणी वाऱ्यावर सोडून चालल्या होत्या. पुढं मातीची वाट संपते आणि रस्ता अरुंद होतो. तिथं मागून एक भरलेला ट्रक आला आणि त्यानं हॉर्न दिला. बाईंनी बाजू दिली नाही. त्यानं पुन्हा हॉर्न दिला, मग बहुधा ओळखलं असावं, कारण तो गप्प झाला आणि सायकलच्या चालीनं, हळूहळू, त्यांच्या मागं मागं जात राहिला. दोघंही वळणाआड जाईपर्यंत मी तिथंच उभा होतो.