माइक बंद ठेव

“मले नाही, मला. म्हण.”

अमरावतीच्या कंपनीत सगळ्यांसमोर टीम लीडनं मला हे म्हणायला लावलं. मी म्हटलं, “मला.”

“पुन्हा.”

पुन्हा म्हटलं. सगळे हसले. मग तो म्हणाला, “कोड पण असाच लिहितेस का, गावठी?”

माझे आईबाप परतवाड्याच्या बाजारात भाजी विकतात. मी अकोल्याला इंजिनिअरिंग केलं. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघी बसायचो. कीबोर्ड कायम दुसऱ्या पोरीकडं. तिचे वडील डॉक्टर. मी एकदा हात पुढं केला, तर लॅबचे सर म्हणाले, “तू बघ. तुला तेवढं पुरे.” मी बघत राहिले. डिग्री मिळेपर्यंत बघतच राहिले.

नोकरीत एआय हाती आलं. कोड लिहायला मदत करायचं. मी भीत भीत टाइप केलं, “हे काहून चालून नाही राह्यलं?” त्यानं समजावून सांगितलं. नाही कळलं, पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. हसलं नाही. कधी चुकायचं. मग मी त्याच्याशी भांडायचे, चूक शोधायचे. ऑफिसात माणसांशी भांडायची सोय नव्हती. एका दवाखान्याचं पेशंटचे नंबर लावायचं सॉफ्टवेअर मी असंच, एकटीनं उभं केलं.

लीडनं पाहिलं. “हे तुझं कुठंय? मशीननं केलंय. तुला काय येतं?”

त्याच्या स्क्रीनवर तेच मशीन उघडं होतं.

क्लायंटच्या कॉलआधी म्हणाला, “माइक बंद ठेव. तुझी भाषा त्यांना नको ऐकायला.” आणि कॉलवर सांगितलं, “हे आमच्या श्रेयसनं एआय वापरून केलं. फार हुशार मुलगा.”

श्रेयस माझ्या शेजारी बसला होता. तो “थँक यू” म्हणाला.

माझ्या अंगाची आग झाली. मी माइक चालू केला.

“सायेब, हे काम मी केलं. श्रेयसनं नाही. हे खोटं सांगून राह्यले तुमाले.”

क्लायंट म्हणाला, “ठीक आहे. पुढे जाऊ या.”

दुपारी माझं लॉगिन बंद. वॉचमननं दारात बॅग तपासली. डबासुद्धा उघडून पाहिला. श्रेयस काचेतून बघत होता.

घरी बाबा म्हणाले, “काहून बोलली वो? गप राह्यली असती त नोकरी राह्यली असती.”

“गपच होती बाबा. अकोल्यापासून गपच होती.”

त्यांनाही माझाच राग आला होता.

ते सॉफ्टवेअर आज त्या दवाखान्यात चालतं. श्रेयसच्या नावावर. अजून दुसरी नोकरी नाही. आईबापासोबत बाजारात बसते, घरी आल्यावर लॅपटॉप उघडते, शिकते. मुलाखतीत विचारतात, आधीची नोकरी का सुटली? मी सगळं सांगते. ते तोंड वाकडं करतात, फोन करतो म्हणतात. करत नाहीत.

नका करू. पुढच्या ठिकाणीही हेच सांगीन. माझं काम कोणी दुसऱ्याच्या नावावर लावलं, तर तिथंच, सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडावर बोलीन.