हात उचलून

माझ्याकडे आप्पांच्या मुठीची वही आहे. तारीख, वेळ, चेंडू किती वेळा दाबला. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा मी वडिलांना दौंडजवळच्या गावातून शिरूरला माझ्या घरी आणले. रोज सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, खुर्चीच्या हातावर त्यांचे कोपर टेकवून मी व्यायाम करून घ्यायची. तिसऱ्या महिन्यात मूठ चांगली आवळू लागली, उघडूही लागली.

आप्पांचे विचारणे एकच. "धारंला कवा बसू?"

त्यांची गाय त्यांच्याच हाताची. दुसरे कोणी बसले की पान्हा चोरायची. गावी भाऊ कसेबसे लिटरभर काढायचा. "आटली तर ठेवून काय करू?" असे त्याने फोनवर सांगितले होते.

मी वही पाहिली आणि ठरवले, आप्पा तयार आहेत. रविवारी गावी गेलो.

आप्पा बुटक्या स्टुलावर बसले, डाव्या हाताने तिची पाठ थोपटली. तिने लगेच पान्हा सोडला. त्यांनी उजवा हात कासेकडे पुढे केला आणि सडावर बोटे मिटली. ती उघडेचनात. गाय पाय झाडू लागली.

"आप्पा, सोडा तिला."

"सोडतुय की. हातच ऐकंना."

मी एकेक बोट उलगडले. मग त्यांनी डावा हात पुढे केला, तर ती खुंट्याभोवती फिरली. त्यांना जवळ येऊ देईना.

"म्हातारा खाष्ट झाला म्हणती ही," आप्पा हसले. वासरू सोडायला सांगून ते ओट्यावर जाऊन बसले.

सोमवारी फिजिओथेरपीच्या डॉक्टर म्हणाल्या, "कोपराला आधार असला की मूठ उघडते. हात उचलून धरायचा म्हटलं, की मेंदू खांद्याला जो हुकूम देतो, तो बोटांनाही जातो. ती आवळतात. हात उचलून किती वेळा करून घेतलंत?"

एकदाही नाही. टेकवून आकडा जास्त यायचा, म्हणून मी टेकवूनच घेत गेले.

त्याच दिवशी वहीत नवा रकाना आखला. आप्पांनी चेंडू बाजूला ठेवला. "आता कशाला गं, पोरी?"

महिन्याभरात गाय आटली. भावाने ती विकली.

रकाना कोरा आहे. आप्पा संध्याकाळी कोपर टेकवून खुर्चीत बसतात. त्यांची रिकामी मूठ आवळते, सुटते, आवळते, सुटते, अगदी धारेच्या लयीत. मी मोजत नाही.