वाटेवरची कोनशिला

वाटणीत सबस्टेशनला लागून असलेला रस्त्याकडचा तुकडा मला आला आणि विहिरीसकट मागचं रान दादाला. माझ्या तुकड्यात दगड आणि बाभळीची झुडपं. मी नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवायचो, त्यामुळे तक्रार करण्याइतकंही मला शेतीतलं कळत नव्हतं. भोकरच्या रस्त्यावरून दादाच्या रानात जायचं ते माझ्या धुऱ्याकडेच्या, बांधालगतच्या दहा फुटी गाडीवाटेनं. दुसरीकडून ओढा आडवा येतो.

मग कंपनी आली. दिवसा सोलरची वीज बॅटऱ्यांत भरून ठेवायची आणि अंधार पडला की गावांना सोडायची, असं काम. त्याला सबस्टेशनशेजारची जागा लागते. काहीच न पिकणारी माझी जमीन आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पसंत पडली. भाडेकरार मी दोनदा वाचला. दादाची वाट मोकळी राहील, हे कलम मीच घालायला लावलं. साम्राज्यं तहातल्या एखाद्या कलमानं बुडतात, असं वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेला माणूस मी. कलम नीट असूनही बुडता येतं, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

भूमिपूजनाला मोठे पाहुणे येणार होते. अख्ख्या तुकड्यात मांडव टाकण्याजोगी सपाट जागा एकच होती, ती म्हणजे वाट. पाहुण्यांची गाडीही तिथपर्यंत येत होती. म्हणून मांडव वाटेवर पडला आणि पाहुण्यांच्या नावाची काळी कोनशिला मांडवात, म्हणजे वाटेच्या मधोमध, रोवली गेली. पूजेला जोडपं हवं, असं गुरुजी म्हणाले. कंपनीचे साहेब सगळे सडे आलेले. तेव्हा वडीलधारे म्हणून दादा-वहिनीच पाटावर बसले. हळदकुंकू वहिनीनं वाहिलं, नारळ दादानं फोडला.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. समारंभांची टिंगल करण्यात माझी हयात गेली, पण बोलावलं तेव्हा मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. कोनशिला कुठं आहे हे मला व्यासपीठावरून स्वच्छ दिसत होतं. माईक हातात होता. मी म्हणालो, "या ऐतिहासिक क्षणाचे आपण सारे साक्षीदार आहोत."

महिन्याभरानं कुंपण आलं. कुंपणवाल्या मुकादमानं विचार केला की एवढ्या मोठ्या माणसाचं नाव बाहेर कसं ठेवायचं? त्यानं शिला आत घेतली. तिच्यामागून वाटही आत गेली. आत पांढऱ्या कंटेनरांच्या रांगा लागल्या, पंख्यांची घरघर सुरू झाली आणि दादाचा रस्ता फाटकातून जाऊ लागला. रोज रजिस्टरात नाव, डोक्याला हेल्मेट. ट्रॅक्टरला मनाई, बैलांनाही. बैलांच्या मापाचं हेल्मेट नव्हतं.

पेरणी तोंडावर आली, तसा मी साइट इंजिनिअरला कराराचं कलम दाखवलं. पोरगा भला होता. कलम वाचून त्यानं कपाळ चोळलं.

"सर, कुंपण मी एका दिवसात मागं घेतो. पण तो दगड वाटेत उघडा पडून ट्रॅक्टरखाली फुटला तर वरचे मला सोडणार नाहीत. आणि मी हलवला तर पाहुण्यांची माणसं सोडणार नाहीत. तुम्ही रविवारी काढून रस्त्याकडेला लावा. मी सुट्टीवर आहे. मला काही माहीत नाही."

एवढा सरळ तह इतिहासात मी क्वचित पाहिला होता. मी पहार आणि दोन गडी घेऊन रविवारी गेलो. दादा शिलेपाशीच उभा होता. चपला बाजूला काढलेल्या.

"काय करून राहिलास?"

"वाट मोकळी करतोय."

"पूजेचा दगड हाय. उपटायचा न्हाई."

"दादा, अरे, त्यावर देव नाही, पुढाऱ्याचं नाव आहे."

"नाव कुणाचं का असंना. नारळ म्या फोडलाय. तुझ्या वहिनीनं हळद वाहिलीय." मग गड्यांकडे बघत तो म्हणाला, "जा रे, चहा पिऊन या."

गडी गेले. पहार माझ्या हातात राहिली.

"मग पेरणार कसा?"

"त्या दिवशी माईक तुझ्याच हातात होता न्हवं? तवा इचारायचं."

मी पहार गाडीत टाकली.

त्या वर्षी दादानं बियाणं खांद्यावरून आत नेलं आणि निम्म्या रानात हातानं टोकलं. निम्मं पडीक राहिलं. सोयाबीन निघालं, बडवून पोती भरली, तेव्हा फाटकावरच्या वॉचमननं अडवलं. आतला माल बाहेर काढायला पास लागतो आणि पासावर जमीनमालकाची सही.

"दादाच मालक आहेत ना त्या रानाचे," मी म्हणालो.

"त्या रानाचे असतील सर. फाटक तुमच्या जमिनीत आहे."

मी फाटकाबाहेर, दादा आत. पोत्यावर बसलेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मागं शिलेला ताजी हळद लावलेली दिसत होती. दसरा नुकताच झाला होता. वॉचमननं पासाचं पुस्तक जाळीतून माझ्याकडे सरकवलं. मालाचं वर्णन, पोत्यांची संख्या, बाहेर नेण्याचं कारण. कारणाच्या रकान्यापाशी मी थांबलो.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिही काही बी," दादा म्हणाला. "तुला चांगलं जमतंय ते."